खांडबाऱ्याला पुरलेला माझा बैल

पुण्याच्या माणसाने उत्तरेकडे तोंड केले की त्याला एकदम काशी दिसते. मधला मुलूख तो झोपून काढतो. मीही त्यातलाच. नंदुरबार हे गावाचे नाव की एखाद्या काढ्याचे, अशी शंका माझ्या थोरल्या मेहुण्याने काढली, तेव्हा मला हसायचा धीर झाला नाही, कारण माझी स्वतःचीच खात्री नव्हती. आता जाऊन आलो आहे, तेव्हा सांगायचा अधिकार मिळाला आहे. ज्यांना जायचे नसेल त्यांनी घरबसल्या वाचावे.

मी सरकारच्या गुरांच्या खात्यात कारकून. या खात्यात अकरा वर्षे काढूनही मी एकाही जनावराला हात लावलेला नव्हता. आमच्या टेबलावर गुरे येतात ती कागदावर, आणि कागदावरचा बैल शिंग मारत नाही. पण त्या वर्षी भाद्रपदात तापीला आणि तिला मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्यांना पूर आला आणि पश्चिम खानदेशातली गुरे दावणीसकट वाहून गेली. ज्याचा बैल गेला त्याला सरकार मदत देणार होते. मदत म्हणजे साधारण अर्ध्या बैलाची किंमत. उरलेला अर्धा ज्याचा त्याने पाहावा.

खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून वरून हुकूम सुटला, की अर्जदाराने मेलेल्या जनावराची दोन्ही शिंगे हजर करावीत, आणि ती पुन्हा दुसऱ्या कोणाला दाखवता येऊ नयेत अशा रीतीने नष्ट करावीत. हा हुकूम ज्याने काढला त्याला मी भेटलेलो नाही. माझी नेमणूक झाली ती शिंगे मोजून घ्यायला. बायकोने डबा बांधून देताना एवढेच बजावले, “वसुबारसेच्या आत परत या. आणि येताना शिंगे घरात आणू नका.”

नंदुरबार

आश्विनातले ऊन तिथे दसऱ्यालाही चैत्रासारखे तापते. धर्मशाळेत उतरलो. माझे वरिष्ठ, गुरांच्या दवाखान्याचे इन्स्पेक्टर, आधीच येऊन बसले होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. अंगाने सडसडीत, मिशा कडक इस्त्रीच्या, आणि डोक्यावरची हॅट ते जेवतानाच काय ती काढत. नियम तोंडपाठ. त्यांच्यापुढे आपण उभे राहिलो की आपलाच काहीतरी अर्ज फेटाळला जाणार असे वाटे.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचे भरीत. भरीत पाहून मी खूश झालो, कारण आमच्याकडेही ते करतात. पहिला घास तोंडात गेल्यावर कळले की आमच्याकडे करतात ते भरताचे बाळबोध वळण असते. नाकातून, डोळ्यांतून, कानांतून पाणी आले. वाढणारी बाई काळजीने म्हणाली, “काय व्हयनं भाऊ? तिखट कमी पडनं का?”

गडबडीत मी कंगवा घरी विसरलो होतो. धर्मशाळेच्या मागच्या गल्लीत करीमचाचा म्हणून एक म्हातारे कारागीर शिंगाचे कंगवे आणि चाकूच्या मुठी करत. त्यांच्या बापानेही तेच केले होते, त्याच ओट्यावर बसून. मी गेलो तर करवत खुंटीला टांगलेली आणि चाचा हात मांडीवर ठेवून बसलेले.

“कंगवा नहीं है साहब,” ते म्हणाले. “सींग ही नहीं है. सारा माल लोग उठाके ले गए. चार आने का सींग रुपये में गया.”

“का बरं?”

“पुणे से कोई पागल साहब आएला है. सुनते हैं, सींग जमा करता है और जला देता है.”

तो वेडा साहेब आपल्यापुढेच उभा आहे हे मी काही त्यांना सांगितले नाही. केस बोटांनी सारखे करून परत आलो आणि रावसाहेबांच्या कानावर सगळे घातले. रावसाहेबांच्या मिशा किंचित हलल्या. “उद्यापासून प्रत्येक शिंग उलटसुलट करून पाहायचे,” ते म्हणाले.

रनाळे

रनाळे हे शेतकऱ्यांचे मोठे गाव. आम्ही बैलगाडीतून पोहोचलो तोवर चावडीपुढे रांग लागली होती, आणि प्रत्येकाच्या हातात, काखेत, नाहीतर उपरण्यात शिंगे. मुलांनी ती डोक्याला लावून एकमेकांना ढुशा द्यायला सुरुवात केली होती. मी टेबल मांडले आणि एकेक शिंग नाकाला लावल्यासारखे पाहू लागलो.

दुपारी एक तालेवार दिसणारा पागोटेवाला आठ शिंगे घेऊन पुढे आला. चार बैल म्हणे नदीने नेले. सहा शिंगे बरोबर होती. सातव्यावर, कडेने, बारीक करवतीच्या खुणा होत्या. अगदी समान अंतरावर, कंगव्याला दात पाडायच्या आधी आखतात तशा.

“काय हो,” मी विचारले, “तुमचा बैल भांग पाडता पाडता वारला की काय?”

त्याने क्षणभर शिंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “मन्हा बैल शौकीन व्हता, भाऊसाहेब,” तो म्हणाला.

चावडी हसून लोटपोट झाली. तोही हसला, आणि हसता हसताच खरे काय ते बोलून गेला. “बैल चारच गयात. खोटं नही सांगस. पन चौथाले नदी कथी लई गई कोनले ठाऊक? त्यानं शिंगडं मी कथाईन आनू? म्हनीसन ईकत लिधं.”

म्हणजे बैल खरा, मरण खरे, फक्त शिंग खोटे. रावसाहेबांनी चौथ्या बैलावर काट मारली. नियमात वाहून गेलेल्या शिंगांची सोय नव्हती. पागोटेवाला तीन बैलांचे पैसे घेऊन गेला. मला मात्र त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. अकरा वर्षांत प्रथमच मी काहीतरी पकडले होते.

संध्याकाळी शिंगे जाळली. शिंग जळताना काय वास येतो तो लिहून कळवता येत नाही. न्हाव्याच्या दुकानाला आग लागली तर थोडी कल्पना येईल. माझा कोट पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत घराबाहेर दोरीवर टांगलेला होता.

खांडबारा

नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने खांडबाऱ्याला उतरले की मुलूखच बदलतो. काळी सपाट जमीन संपते, साग सुरू होतो, आणि सागाच्या मधल्या सखल पट्ट्यांत भाताची पिवळी शेते दिसतात. हवेत वाळवलेल्या मोहफुलांचा, ओल्या पाल्याचा आणि कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या नागलीचा, म्हणजे आपल्या नाचणीचा, वास. स्टेशनाजवळ एका मारवाडी शेठजींच्या दुकानाच्या ओटीवर आमचा मुक्काम होता. शेठजींनी वरणात तूप इतके ओतले, की रावसाहेबांनी हॅट तर काढलीच, वर गळ्याचे बटणही सोडले.

आम्हाला जायचे होते ते तिथून दोन कोसांवरच्या एका पाड्यावर. वीस घरांची कोकणी लोकांची वस्ती. कोकणी म्हणजे आपल्या कोकणातले नव्हेत. ही इथली आदिवासी जमात, आणि त्यांची बोली मला काडीमात्र कळली नाही. वाटेत नेसू नदी. पूर ओसरला होता, पण गाळ होता तसाच. रावसाहेब गुडघाभर पाण्यातून काठी टेकत ताठ पार झाले. मी मध्यावर रुतलो. पाय वर आला, वहाण आली नाही. ती शोधायला वाकलो तो सगळाच खाली गेलो.

कोणीतरी मला मागून कॉलरला धरून, मांजराचे पिल्लू उचलावे तसे उचलले आणि काठावर आणून ठेवले. पाहतो तो सत्तरीचा म्हातारा, लंगोटी आणि मुंडासे, हाताच्या शिरा दोरखंडाएवढ्या. त्याचे नाव जत्र्या. पाड्यावर त्याला जत्र्याबाबा म्हणत. घरी तो कोकणी बोले. माझ्याशी मात्र बाजारात शिकलेली अहिराणी.

माझ्या हातात उरलेली एक वहाण पाहून तो म्हणाला, “हाई बी टाकी द्या भाऊसाहेब. एकली काय कामनी?”

“नवी आहे हो,” मी म्हणालो.

“नवी शे, पन एकली शे,” तो म्हणाला आणि थोडा थांबून पुढे बोलला, “मन्हं बी तसंच व्हयनं. एक बैल घरमा शे, एक नदीनी लई लिधा. आते नांगरले जुपू काय?”

असे सगळे त्याने वाटेतच सांगितले. जोडीतला मोऱ्या पुरात गेला. वाळूत अडकला होता, तीन माणसांनी रात्रभर दोर लावला, पण पहाटे त्याने मान टाकली. आता भात निघाला की हरभरा पेरायचा, आणि एका बैलावर नांगर चालत नाही. शेजारी बैल उसना देतील, पण आपले रान ओलावा धरून असताना शेजाऱ्याचेही ओलेच असते. सरकारने अर्धा बैल दिला तर उरलेला अर्धा तो मोहाची फुले आणि एक शेळी विकून पुरा करणार होता. नाही दिला तर रान पडीक.

पाड्यावर आंब्याखाली टेबल मांडले. जत्र्याबाबाची पाळी आली. त्याने टेबलावर एक लाकडी घाट ठेवली, सागाची, हाताने कोरलेली, आत दोन टिपऱ्या लोंबणारी गळ्यातली घंटा. हलवून दाखवली. ठक् ठक् असा बसका, गोड आवाज आला. आवाज ऐकताच मागे उभ्या असलेल्या बायका-माणसांनी “मोऱ्या, मोऱ्या” म्हणून माना हलवल्या. तिथे प्रत्येक जण आपल्या जनावराची घाट स्वतः कोरतो आणि रानात कोणाचे ढोर कुठे चरते आहे ते आवाजावरून सांगतो. आमच्याकडे आपल्या सायकलीची घंटाही कोणाला ओळखू येत नाही.

“घंटा नियमात नाही,” रावसाहेब म्हणाले. “शिंगे?”

“शिंगडा मोऱ्याजोडे शेत.”

“आणि मोऱ्या?”

“जमीनमा.”

त्या पाड्यावर नांगराचा बैल मेला की त्याचे कातडे काढत नाहीत, शिंगे कापत नाहीत. ज्या शेतात तो राबला त्याच्याच बांधाला त्याला सबंध पुरतात. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, “बाबा, फक्त शिंगांपुरते उकरून काढा. पैसे मिळतील.”

जत्र्याबाबा रागावला नाही. पोराने काहीतरी खुळे विचारावे तसा माझ्याकडे पाहत राहिला. “भाऊसाहेब, तुम्हना आजला मरना तवय तुम्ही त्यानं मुंडकं कचेरीमा दाखाडं व्हतं का?”

माझे आजोबा गेले तेव्हा तसे काही मी केले नव्हते. रावसाहेबांनी घड्याळ पाहिले. “नियम तो नियम. आठ दिवसांनी मी पुन्हा येईन. शिंगे असतील तर पैसे, नसतील तर नाही.” त्यांनी हे तोडून टाकल्यासारखे सांगितले, पण परत येताना नदी ओलांडेपर्यंत त्यांनी माझ्याशी एक अक्षरही काढले नाही. मी अनवाणी होतो. दुसरी वहाण टाकून दिली होती.

पुन्हा नंदुरबार

पुढचे चार दिवस इतर गावे केली. शिंगे आली, शिंगे जळाली. पण माझे लक्ष लागेना. रनाळ्याचा तो पागोटेवाला सारखा आठवायचा. जत्र्याबाबाचा बैल खरा, मरण खरे, आणि नुसत्या शिंगांसाठी त्याचे रान पडीक राहणार. त्याला मदत मिळू नये म्हणून नेमलेला माणूस मीच. मला स्वतःची लाज वाटली, हे सरळ सांगतो.

पाचव्या दिवशी मी करीमचाचांच्या ओट्याशी उभा राहिलो.

“चाचा, एक जोडी शिंगं हवीत. बैलाची. करवतीची खूण नको.”

चाचांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळले. एव्हाना गावात वेडा साहेब कोण ते सर्वांना ठाऊक झाले होते.

“साहब,” ते हळूच म्हणाले, “आप भी?”

मी मान खाली घातली. आतल्या कोनाड्यातून त्यांनी एक जोडी काढली. चांगल्या मुठींसाठी म्हणून मागे ठेवली होती म्हणे. पैसे त्यांनी जुन्याच भावाने घेतले. “आपको जलाना है तो मत ले जाओ,” एवढेच म्हणाले. मी ती वळकटीत गुंडाळली. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांना वळकटीचे टोक लागले तेव्हा त्यांनी “आत काय आहे?” असे विचारले. मी म्हणालो, “छत्र्या.” ते पुढच्या स्टेशनापर्यंत वळकटीकडे पाहत होते.

पुन्हा खांडबारा

रावसाहेब ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी सकाळी यायचे होते. मी आदल्या दुपारीच एकटा पाड्यावर गेलो आणि नव्या घेतलेल्या वहाणा हातात धरून नदी ओलांडली. अनुभव माणसाला शहाणे करतो.

जत्र्याबाबाने खाट टाकली. म्हातारीने नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीची लाल चटणी वाढली. मी शिंगे काढून बाबापुढे ठेवली. वाटले, पाहताक्षणी त्याला सगळा डाव कळेल.

त्याने एकेक शिंग उचलले, बोटांनी चाचपले, उजेडाकडे धरले. “तांबडा व्हता हाऊ,” तो म्हणाला. “धा-बारा वरीसना. डावीकडे जुपेत त्याले. देखा, उजवं शिंगडं घसायेल शे, जोडीदारले लागीसन.” मी थक्क झालो. आम्ही शेकड्यांनी शिंगे जाळली, पण शिंग वाचता येते हे कोणालाच माहीत नव्हते.

“कोना बैल व्हता?” त्याने विचारले.

आता काय सांगणार? “माझाच समजा,” मी म्हणालो.

“कवय गया?”

“झाले... चार दिवस.”

जत्र्याबाबाने शिंगे हलकेच खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले, समजले. मी मान हलवली आणि समाधानाने चटणीचा मोठा घास घेतला. नंदुरबारचे भरीत त्या चटणीपुढे शिकाऊ होते. डोळ्यांतून धारा लागल्या. म्हातारीने ते पाहिले, आपल्या बोलीत कळवळून काहीतरी म्हणाली आणि पदराने माझे डोळे पुसले. जत्र्याबाबाने मला अर्थ सांगितला, “रडू नको म्हनस. ढोर शे, जास. पन तुन्हा जीव मोठा शे म्हनस.” माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्यामुळे खुलासा राहून गेला.

सकाळी उठलो तर शिंगे जागेवर नाहीत. बाबाही नाही. बांधाकडे गेलो. मोऱ्याच्या जागेवर दगडांची ओळ होती, आणि तिच्याशेजारी एक नवीन, लहानसा ढिगारा. ओली माती, वर शेंदराचा टिळा, मूठभर तांदूळ. जत्र्याबाबा हात धूत होता.

“बाबा! शिंगं?”

“पुरी टाकात,” तो म्हणाला. “बिचारा कथा भटकी ऱ्हायना व्हता, वळकटीमा. आते मोऱ्याना जोडीले शे. तुम्ही काळजी नका करा.”

 आठ आणे गेले त्याचे काही नाही. पण घटकाभरात रावसाहेब येणार, शिंगे मागणार, आणि ती तर दोन हात मातीखाली. उकरून काढा म्हणायची माझी जीभ वळेना. एकदा म्हणून पाहिले होते. शिवाय आता तिथे, म्हणायला का होईना, माझाच बैल होता.

रावसाहेब आले. हॅट, मिशा, घड्याळ, सगळे जागच्या जागी. “शिंगे?” त्यांनी विचारले. जत्र्याबाबा त्यांना सरळ बांधावर घेऊन गेला. मी मागून, फाशीला चालल्यासारखा. मागे पाडाच्या पाडा.

रावसाहेबांनी दोन्ही ढिगारे पाहिले. “दोन?” ते म्हणाले. “अर्ज एकाचा आहे. दोन बैल गेले तुझे?”

हो म्हटले असते तर अख्ख्या बैलाची किंमत पुरी होत होती. शेळी वाचत होती, मोहाची फुले वाचत होती. 

“एक मन्हा,” जत्र्याबाबा म्हणाला. “दुसरा या भाऊसाहेबना.”

रावसाहेब माझ्याकडे वळले. त्यांची माझी ओळख काही जुनी नव्हती, पण शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाकडे बैल नसतो एवढे त्यांना कळत होते.

“तुमच्याकडे बैल होता?”

“म्हणजे... तसा...” मी म्हणालो.

“तांबडा,” जत्र्याबाबाने माझ्या मदतीला येऊन सांगितले. “डावीकडना. चांगला बैल व्हता साहेब. भाऊसाहेब काल भलता रडना.”

मागून बायकांनी च् च् केले. रावसाहेब माझ्याकडे पाहत राहिले. करीमचाचांची गोष्ट त्यांना मीच सांगितली होती. त्यांना सगळे कळले असणार, आणि मलाही कळले की आपली नोकरी गेली. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी उभ्या प्रवासात, जेवणाखेरीज, पाहिली नव्हती. त्यांनी हॅट काढली.

“बाबा,” ते जत्र्याबाबाला म्हणाले, “दोन्ही माझे म्हणाला असतास तर दोघांचे मिळाले असते.”

“पन तो मन्हा नही ना,” जत्र्याबाबा म्हणाला. त्याला या प्रश्नात विचार करण्यासारखे काय आहे तेच कळेना.

रावसाहेबांनी खिशातून हुकूम काढला आणि पुन्हा वाचला, जणू पहिल्यांदाच. “‘पुन्हा दुसऱ्या कोणाला दाखवता येऊ नयेत अशा रीतीने नष्ट करावीत,’” ते मोठ्याने म्हणाले. “ही आता कोण दाखवणार? मी स्वतः जागा पाहिली, गावाची साक्ष घेतली. तसे लिहा.” मी लिहिले, त्यांनी सही केली. मग माझ्या कानाशी वाकून, ओठ न हलवता म्हणाले, “त्या दुसऱ्या बैलाचा अर्ज मात्र करू नका.”

त्यानंतर त्यांनी आणखी एक कागद मागितला आणि तिथेच, बांधावर बसून, रनाळ्याच्या पागोटेवाल्याच्या चौथ्या बैलाची फेरचौकशी करावी असे वर लिहिले. पुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. वर लिहिलेल्याचे कळत नसते.

त्या दिवशी नेमकी बारस होती. आमच्याकडे वसुबारस, गाईवासराला ओवाळतात. तिथे वाघबारस, वाघाला नारळ देऊन सांगतात की बाबा रे, आमच्या ढोरांना सांभाळ. एकाच तिथीला आम्ही गाईला भजतो आणि ते वाघाला, आणि मागणे दोघांचे एकच. गुराख्यांनी घराघरांतून गोळा केलेल्या तांदळाचा भात रानातच शिजला. मला पहिली पत्रावळ मिळाली, कारण मी दुःखातला. वीस घरांतल्या एकेक माणसाने येऊन माझ्याजवळ उकिडवे बसून बैलाची चौकशी केली. नाव काय होते? मारका होता का? मी काय सांगणार! “गरीब होता,” म्हणालो.

पुणे

घरी पोहोचलो तो नरकचतुर्दशीच्या दुपारी. वसुबारस चुकलीच होती. बायकोने कोट दाराबाहेर ठेवून घेतला आणि मला दोनदा उटणे लावले. सगळी हकीकत ऐकल्यावर ती हसत सुटली, आणि मग एकाएकी थांबून म्हणाली, “पण तो तांबडा कोणाचा होता हो खरा?” ते मलाही कधी कळले नाही.

वर्ष गेले. पुढच्या वर्षी वसुबारसेला सकाळी पोस्टमन जिना चढून आला. माझ्या नावे मनिऑर्डर, खांडबाऱ्याहून. सव्वा रुपया. मी चक्रावलो. खाली तिथल्या मास्तरांच्या अक्षरात मजकूर होता:

‘जत्र्या सांगतो की, नवा बैल चांगला चालतो, हरभरा बरा झाला. तुमच्या तांबड्याला मोऱ्याबरोबर भात ठेवत असतो. आम्हाला सरकारने दिले, पण तुमच्या बैलाचे तुम्हाला कोणी काही दिले नाही, ही गोष्ट पाड्याला बरी वाटली नाही. म्हणून घरटी एक आणा काढून धाडला आहे. थोडा आहे, उरलेला तुम्ही पाहा. वर्ष झाले. आता दुसरा बैल घ्या.’

मी ते वाचले, आणि या खेपेला चटणी नव्हती.

पोस्टमनने पैसे मोजून हातावर ठेवले. खेड्यातून शहरात मनिऑर्डर आलेली त्याने फारशी पाहिली नसावी. “कसले हो हे?” त्याने विचारले.

“माझा बैल गेला होता,” मी म्हणालो आणि सही केली.